मीच लावलं दार

रविवारी संध्याकाळी अभिराजची गाडी चामराजपेटेतल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, की रम्या जिना उतरून खाली यायची. गाडी आत येण्याएवढी गल्ली रुंद नव्हती आणि अभिराजलाही आत यायचं नसायचं. विराट मागच्या सीटवरून उतरायचा, बाबांना टाटा करायचा आणि आईचा हात धरून घरी यायचा. रम्या आणि अभिराज वेगळे राहू लागल्याला वर्ष होत आलं होतं. विराट सहा वर्षांचा होता. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार व्हाइटफील्डला बाबांकडे, असं ठरलं होतं.

रम्याच्या माहेरची माणसं कैक पिढ्यांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेली. वडील गुंडूराव यांचं मार्केटजवळ स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. घरात बोलायचे मराठीच, पण त्यात निम्मं कन्नड कालवलेलं. अभिराज पुण्याचा, नोकरीसाठी इकडे आलेला. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्यांना बरं वाटलं होतं, परमुलखात आपल्याच भाषेचं माणूस मिळालं म्हणून. पुढे अभिराजची आई सुनेचं बोलणं ऐकून हसायची. "हे कुठलं गं मराठी?" म्हणायची. हसण्यावारी गेलं ते गेलं, राहिलं ते राहिलं. नवराबायकोची भांडणं मात्र भाषेवरून झाली नाहीत. कुठल्याही घरात होतात तशाच गोष्टींवरून झाली, फक्त ती मिटायची बंद झाली.

विराटनं यातून आपला मार्ग काढला होता. चामराजपेटेत तो आईला अम्मा म्हणायचा, आजीला अज्जी म्हणायचा, आणि हो म्हणायचं झालं की "सरी" म्हणायचा. व्हाइटफील्डला गेला की तीच अम्मा "आई" व्हायची आणि सरीचं "ओके" व्हायचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी विराट गाडीतून उतरून मागच्या दाराशी उभा होता. त्याची पिशवी पुढच्या सीटवर राहिली होती म्हणून रम्यानं पुढचं दार उघडलं. अभिराज म्हणाला, "नेक्स्ट वीक मी त्याला शुक्रवारीच घेऊन जाईन. शाळेला सुट्टी आहे."

"मला आधी विचारायचं होतं."

"विचारतोय ना आत्ता."

"हे विचारणं नव्हे. सांगणं आहे."

"रम्या, प्लीज. रस्त्यात नको."

तिनं पिशवी ओढून घेतली आणि दार आदळलं. दार नीट लागलं नाही, काहीतरी मऊ मधे आल्यासारखं झालं. विराट ओरडला नाही. अगदी हळू, शाळेत बाईंना विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, "अम्मा, दार उघड."

दोन दारांच्या मधल्या खांबाला धरून तो उभा होता. उजव्या हाताची तर्जनी फटीत सापडली होती.

दार उघडलं तेव्हा नख मुळापासून उचकटून आडवं झालं होतं आणि बोटाचं टोक फाटलं होतं. रम्याला त्यानंतरचं नीटसं आठवत नसे. गलका ऐकून तिची आई, सरस्वतीबाई, धावत खाली आली ती कॉफीच्या पुडीचा डबा घेऊनच. त्या घरात कुणालाही कापलं-लागलं की कॉफीची पूड दाबायची, हे पहिल्यापासून चालत आलेलं. तिनं मूठभर पूड बोटावर दाबली, वर आपल्या पदराची चिंधी बांधली. मग अभिराज गाडी हाकत होता आणि रम्या मागं विराटला मांडीवर घेऊन बसली होती. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होती.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. त्यांनी चिंधी सोडली आणि पूड पाहून फक्त एकदा श्वास सोडला. "आता हे सगळं धुवावं लागेल," त्या म्हणाल्या. "रक्त येत असलं तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हात छातीच्या वर ठेवायचा आणि निघून यायचं. आत काही भरायचं नाही, हळद नाही, कॉफी नाही." मग त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"दारात सापडलं," अभिराज म्हणाला. "हिनं न बघता—"

"मागे लहान मूल उभं आहे हे तू तरी—" रम्या म्हणाली.

दोघंही एकदमच थांबली, कारण विराट बोलला होता.

"मीच लावलं दार," तो म्हणाला. "मी खेळत होतो."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. "इतक्या जोरात?" त्यांनी विचारलं.

"हो. मी स्ट्राँग आहे."

रम्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. वेदनेनं त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण चेहऱ्यावर एक काळजी होती, मोठ्या माणसाची असते तशी. ती काळजी बोटाची नव्हती. तो आधी बाबांकडे आणि मग आईकडे बघत होता, आता भांडण थांबलं की नाही हे. आणि तिच्या ध्यानात आलं की दार लागल्यापासून, गाडीत, दवाखान्यात, एवढ्या वेळात त्यानं तिला पुन्हा हाक मारली नव्हती. बाबांसमोर अम्मा म्हणावं की आई, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

खरं काय ते तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. ती काही बोलली नाही. अभिराजही बोलला नाही.

एक्स-रेच्या फोटोत बोटाच्या टोकाचं हाड तडकलेलं दिसलं. बोट बधिर करून डॉक्टरबाईंनी नख उचललं, जखम धुऊन काढली, नखाखालच्या मऊ भागाला बारीक दोऱ्याचे टाके घातले आणि तेच नख झाकणासारखं वर परत बसवलं. "ते राहायचं नाही, गळून पडेल," त्या म्हणाल्या. "खालून नवं येईल. यायला महिने लागतात. सरळच येईल असं मी म्हणत नाही." अभिराज औषधं आणायला गेला होता तेव्हा त्यांनी रम्याला पुन्हा बजावलं, "एक लक्षात ठेवा. हाड तडकलंय आणि वर जखम आहे. पट्टी भिजता कामा नये. दुखणं वाढलं, ठणकायला लागलं, ताप आला, तर पट्टी बदलायच्या तारखेची वाट बघायची नाही."

रम्यानं मान हलवली. अभिराज परत आला तेव्हा ते त्याला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, तिला सांगायचं होतं, पण तोवर त्याच्या आईचा फोन आला होता आणि तो बाहेर जाऊन हलक्या आवाजात बोलत होता. काय बोलत असेल याचा तिनं आपल्या मनानं अंदाज केला आणि गप्प बसली.

शुक्रवारी तो विराटला न्यायला आला. रम्या जिन्याच्या पायथ्याशीच थांबली. विराटचा शर्ट सारखा करत म्हणाली, "बाबांना सांग, पट्टी अजिबात भिजवायची नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांग. आंघोळ नको, पाण्यात खेळणं नको. सांगशील ना?"

"सरी," विराट म्हणाला.

वर्षभर असंच चाललं होतं. आईनं सांगितलंय वह्या आणायच्या, बाबांनी सांगितलंय केस कापायचे. निरोप त्याच्याकडे द्यायचा आणि त्यानं तो पोचवायचा. निरोप पोचला की समोरचा कपाळाला आठी घालतो, हे त्याला आता पाठ झालं होतं. "असं म्हणाली का? बरं," असं म्हणतो आणि मग बराच वेळ बोलत नाही.

विराटनं तो निरोप दिलाच नाही.

अभिराज राहत होता तिथं खाली पोहण्याचा तलाव होता. तीन दिवसांची सुट्टी, मुलगा आधीच दुखण्यानं हिरमुसलेला. तलावाकडे बघत उभा राहिला तेव्हा अभिराजनं विचारलं, "पाण्यात गेलं तर चालेल का रे? आई काय म्हणाली?"

"चालतं म्हणाली."

अभिराज बेफिकीर नव्हता. त्यानं हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वर दोन रबर लावले आणि हात वर धरायला सांगून त्याला उथळ पाण्यातच ठेवलं. विराट त्या दिवशी पुष्कळ हसला. रबर सैल होऊन पाणी आत गेलं ते त्याला कळलं होतं. पण बाबा इतके खूश होते.

चामराजपेटेत परत आल्यावर रम्यानं विचारलं, "पट्टी भिजली नाही ना?"

"इल्ला, भिजली नाही," तो म्हणाला.

मधले दोन दिवस त्यानं कळू दिलं नाही. पट्टी वरून सुकली होती. तो डाव्या हातानं जेवत होता, पण ते तर आधीपासूनच होतं. शाळेतून आल्यावर तो लवकर झोपू लागला. मग बुधवारी दुपारी सरस्वतीबाई त्याच्या शेजारी बसून शेंगा सोलत होती, ती एकदम थांबली आणि तिनं रम्याला हाक मारली. "इकडं ये स्वल्प. वास बघ कसला येतोय."

रम्यानं त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं. "दुखतंय का?" तिनं विचारलं.

"नाही," विराट म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. आवाज मात्र नाही.

पट्टी सोडली तेव्हा बोट पेरापर्यंत सुजून लाल-जांभळं झालं होतं आणि नखाच्या कडेनं पू येत होता. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. पू हाडापर्यंत गेला होता. भूल देऊन त्यांनी नख काढून टाकलं, आत सगळं स्वच्छ केलं, आणि हाडाच्या टोकाचा जो तुकडा कुजला होता तो काढला. बोट नखभर आखूड झालं. पुढे शिरेतून औषध चालू राहिलं. विराट छताकडे बघत पडून राहायचा आणि नर्स सुई घेऊन आली की स्वतःच हात पुढे करायचा. "किती शहाणा मुलगा आहे," नर्स म्हणायची, आणि ते ऐकलं की रम्या उठून व्हरांड्यात जायची.

तिथंच एका सकाळी अभिराज तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तो म्हणाला, तू चालतं म्हणालीस," अभिराज म्हणाला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं.

"मी नको म्हणाले होते. तुला सांग म्हणाले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्याशी बोलायचं नव्हतं मला."

अभिराजनं कठडा धरला. खाली रिक्षांची गर्दी झाली होती. मग तो म्हणाला, "फोन केला असतास ना, तरी मी उचलला नसता कदाचित. खरं सांगतो."

एकमेकांशी खरं बोलून त्यांना फार दिवस झाले होते. रम्याला वाटलं, आता काहीतरी होईल. पण बोलायला तेवढंच होतं. ती आत आली. पलंगावर बसून तिनं विराटचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणाली, "दार मी लावलं होतं. तू नाही लावलंस. मी रागात होते, म्हणून आदळलं."

विराट दाराकडे बघू लागला. तिथं अभिराज उभा होता.

"बाबांना माहीत आहे," रम्या म्हणाली. "बाबांनी पाहिलं होतं."

"मग भांडला नाहीत?"

"नाही."

त्यानं यावर विचार केला. मग म्हणाला, "दुखतंय." जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "खूप दुखतंय." आणि मग तो रडला. हुंदके देऊन, मोठ्यानं, शेजारच्या खाटेवरचं मूल जागं होईल इतक्यानं. अभिराज दारातून आत आला, पण खाटेजवळ दोघांना बसायला जागा नव्हती. तो पायांशी उभा राहिला.

त्यांचं घर त्यातून पुन्हा सांधलं गेलं नाही. पावसाळा संपेपर्यंत कोर्टात सगळं रीतसर झालं आणि अभिराजनं पुण्याला बदली मागून घेतली. जायच्या आदल्या दिवशी तो, वेगळं झाल्यापासून पहिल्यांदाच, गल्लीत आत चालत आला, गुंडूरावांच्या पाया पडला आणि विराटच्या शेजारी जमिनीवर बसून जेवला. सरस्वतीबाईनं त्याला आग्रह करून वाढलं.

आता रविवारी संध्याकाळी फोन येतो. थंडीच्या दिवसांत एकदा असाच फोन आला. नवं नख आलं होतं, पण खाली आधाराला हाड नव्हतं म्हणून ते टोकावरून वाकून चोचीसारखं आत वळलं होतं. अभिराजनं अजून पाहिलं नव्हतं.

"बोट दाखव बघू," तो पडद्यावरून म्हणाला. "आलं का नख?"

विराटनं हसून बोट वर केलं. "बघा ना बाबा. एकदम ओके."

रम्या भाजी निवडत होती. तिनं पाहिलं तर ते डाव्या हाताचं बोट होतं. गुलाबी, सरळ, बिनदुखापतीचं. पलीकडून अभिराज म्हणत होता, "अरे वा, कळतसुद्धा नाही." त्याचा आवाज इतका मोकळा झाला की क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे. राहू दे त्याच्याजवळ एवढं.

मग ती उठली. विराटजवळ बसून तिनं त्याचा उजवा हात हळूच फोनसमोर धरला. "ते नव्हे, अभिराज," ती म्हणाली. "हे बघ."

विराट अंग चोरून बसला. पडद्यावरचा माणूस पुढे झुकून पाहत राहिला.

"दुखतं का रे?" शेवटी अभिराजनं विचारलं.

विराटनं आईकडे पाहिलं. ती काही सुचवत नव्हती.

"सकाळी थंडी असते ना, तेव्हा दुखतं," तो म्हणाला. "आणि पेन्सिल धरताना. मग मी सोडून देतो स्वल्प वेळ."

"मग शाळेत बाईंना सांगतोस का?"

"नाही."

"सांग," अभिराज म्हणाला. त्यानं डोळे पुसले, पडद्यासमोरच. "उद्या सांग."

"सरी," विराट म्हणाला.