दोबारा बोलो

घरातली बाई "मला कसंतरी होतंय" म्हणाली, की हातातलं काम सोडून तिच्याकडे बघणारे आपल्यात किती जण असतील? खरं सांगायचं तर फार थोडे. बाकीच्यांकडे उत्तर तयार असतं. उपाशी राहिली असशील, उन्हात गेली असशील, चहा घे आणि पड जरा. उंब्रजच्या सुभेदार उदयसिंहांच्या घरी तीन महिने हेच चाललं होतं.

उदयसिंह काही वाईट माणूस नव्हे. सव्वीस वर्षं लष्करात वायरलेस सेटवर काढली, आता चार एकर ऊस बघतात. पण माणसाला एक खोड. समोरच्याचं बोलणं निम्म्यावर आलं, की यांचा निकाल लागलेला असायचा.

"आवं, पाठीत कसंतरीच हुतंय. जबडा आवळल्यागत वाटतंय," असं त्यांची बायको मंगल म्हणाली, तेव्हा त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही.

"पित्त हाय. सोडा घे."

पुढच्या खेपेलाही पित्त. त्याच्या पुढच्या खेपेला पित्त आणि वर जागरण. शेवटी एके दिवशी मंगल वैरणीच्या भाऱ्यासकट चढावर बसली ती उठेचना. शेजारच्या बिरदेवने तिला ट्रॅक्टरवरून घरी आणून सोडलं. मग मात्र सुभेदार हलले. त्यांच्या भावजयीला सांगलीत विश्रामबागच्या एका हृदयाच्या डॉक्टरांचा गुण आला होता. दुसऱ्या दिवशी नवराबायको तिथे पोहोचली.

कार्डिओग्रामच्या खोलीत दीपाली नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. सांगलीचीच, चटपटीत, डोळ्यांवर मोठा चष्मा. सुभेदारांनी आत शिरल्या शिरल्या खाटेशेजारचा प्लग शोधला आणि आपला मोबाईल चार्जिंगला लावला.

"मावशी, काय त्रास होतोय?" दीपालीने विचारलं.

"मंगल, वय छप्पन, पित्ताचा त्रास," सुभेदार म्हणाले.

"मी मावशींना विचारलं."

"त्येच की. जागरन लय करती."

मंगल खाटेवर आडवी झाली. दीपालीने छातीवर, हातापायांवर तारा लावल्या. खोलीत एसी होता, अंगावर पातळ चादर, आणि मनात भीती. पडद्यावर रेघ उमटली ती बाभळीच्या कुंपणासारखी, सगळी काटेच काटे!

सुभेदारांचे डोळे चमकले. ही तर त्यांच्या ओळखीची गोष्ट होती. ते स्टूल ओढून पडद्याजवळ सरकले.

"ही खरखर कशाची गं पोरी?"

"तीन-चार गोष्टींची, काका. हृदयाची वीज असते एका व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी. मावशींना थंडी वाजतेय, त्यांचे दंड थरथरतायत, त्या स्नायूंचीही वीज असते. भिंतीतल्या लाईटची घरघर वेगळीच. हे सगळं एकाच तारेतून येतं."

"मंग फिल्टर लावा की! आमच्या सेटला हुता."

"आहे ना." दीपालीने बटण दाबलं. काटे गेले. रेघ कशी गुळगुळीत झाली.

"झालं! नॉर्मल!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "म्हनलं न्हवतं, पित्त हाय!"

"थांबा हो काका. मघाशी इथं काहीतरी बारीक वाकल्यासारखं दिसत होतं. आता दिसत नाही. तो नुसता कचरा होता म्हणून गेला, की फिल्टरने कामाचंच पुसलं?"

"फिल्टर चुकतोय व्हय?"

"फिल्टरला कुठं कळतं, निरोप कुठला आणि गोंगाट कुठला? त्याला जे बारीकसारीक दिसेल ते तो पुसणार. कागद देखणा होतो, पण रोग तसाच राहू शकतो."

सुभेदारांना हे पटलं आणि पटलं म्हणून जरा अस्वस्थही वाटलं. दीपालीने फिल्टर काढला, एसी बंद केला, मंगलच्या अंगावर जाड कांबळं घातलं. मग प्लगमधला चार्जर काढून मोबाईलसकट सुभेदारांच्या हातात दिला. "हाही घरघर करतो. आधी गोंगाट मुळाशीच कमी करायचा."

पाच मिनिटांत मंगलची थरथर थांबली. रेघ पुष्कळ निवळली. तरी थोडी खरखर राहिलीच.

"आता ऱ्हायलेल्या खरखरीचं काय?" सुभेदार लहान पोरासारखे पुढे वाकले होते.

"तुम्ही काय करायचात तुमच्या सेटवर?"

सुभेदार खुलले. "आमी व्हय? लय उंचावर चौकी हुती आमची. बाहेर बर्फाचं वादळ, आनि कानात नुसती सूं सूं. पलीकडचा गडी काय बोलतोय त्ये कळायचं न्हाई. आमी म्हनायचो, 'दोबारा बोलो, ओव्हर.' त्यो परत बोलायचा. पाच-पाच डाव बोलाय लावायचो. दर डावाला खरखर येगळी, पन निरोप त्योच. जे दर खेपेला जुळतंय त्ये खरं. असा एक बी निरोप मी वाया जाऊ दिला न्हाई!"

दीपालीने टाळीच वाजवली. "अगदी हेच मशीन करतं, काका! दर ठोका आधीच्या ठोक्यावर ठेवतं आणि सरासरी काढतं. खरखर कधी वर, कधी खाली, तिची आपापसातच वजाबाकी होते. हृदयाचं म्हणणं मात्र दर ठोक्याला तेच, म्हणून ते उरतं. बघा."

पडद्यावर एकच ठोका हळूहळू स्वच्छ होत गेला. आणि उंच टोकानंतर, जिथे रेघ सपाट जायला हवी होती, तिथे ती जराशी खाली दबलेली दिसली.

"ह्ये खालती का गेलंय?" सुभेदारांचा आवाज उतरला.

"ते डॉक्टर सांगतील. मी एक विचारू? मावशींनी हा त्रास तुम्हाला किती वेळा सांगितला असेल?"

"असंल की धा-बारा डाव."

"दर वेळी निराळं सांगायच्या, की तेच?"

सुभेदारांनी मंगलकडे पाहिलं. ती छताकडे बघत पडली होती.

"त्येच," ते म्हणाले.

"मग तुम्ही एकदा तरी म्हणालात का, दोबारा बोलो?"

अरेरे! हजारो फुटांवरच्या वादळातून अनोळखी माणसाचा शब्द न् शब्द वेचणारा हा माणूस, आणि एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसलेल्या बायकोचा निरोप त्याने बारा वेळा पुसून टाकला होता! सुभेदारांना मनापासून लाज वाटली. त्यांनी स्टूल खाटेकडे ओढलं.

"मंगल," ते म्हणाले, "दोबारा बोल. मी मधी बोलत न्हाई."

"आता काय बोलू? झालं की बोलून."

"बोल गं."

मंगलने मान त्यांच्याकडे वळवली. "वैरनीचा भारा घिऊन चढाला लागलं की जुन्या हिरीपाशी पाठीत दाब येतो. जबडा आवळतो, दम पुरत न्हाई. भारा टाकून बसलं की थांबतंय. दुसऱ्या दिशी परत त्याच हिरीपाशी. तुमी म्हनला उपाशी जाती म्हनून पित्त हुतंय, तवा मी भाकरी खाऊन जायला लागले. तर हिरीच्या बी अलीकडंच हुयाला लागलं. म्हनलं, आता सांगून तरी काय उपेग?"

डॉक्टर जिनेंद्र पाटलांनी आधी कागद पाहिला, मग विहिरीची हकीकत ऐकली. ऐकता ऐकता त्यांनी कागद टेबलावर ठेवून दिला.

"कागदावरून मला नुसती शंका आली होती. पण रोज एकाच चढावर येतं, बसलं की जातं, हे यांनी सांगितलं म्हणून मी यांना आज घरी सोडत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. लगेच स्टेंट घातला. आणखी काही दिवस मंगल नुसता सोडा पीत राहिली असती तर काय झालं असतं, हे कोणी बोललं नाही. सुभेदार मात्र दवाखान्याच्या जिन्यात एकटेच जाऊन बसले आणि टोपी तोंडावर धरून रडले.

महिन्याने दोघं पुन्हा विश्रामबागला आली. डॉक्टरांनी सवयीने सुभेदारांकडेच पाहून विचारलं, "काय, आता कसं आहे यांचं?"

सुभेदार खुर्चीतून उठले आणि ती खुर्ची त्यांनी मंगलपुढे, डॉक्टरांच्या अगदी समोर सरकवली.

"मला काय इचारताय सायेब? सेट त्यांच्याकडं हाय."

मंगल बसली. पदर सावरून तिने बोलायला सुरुवात केली, ती चांगली दहा मिनिटं बोलत होती. सुभेदारांच्या तोंडाशी दोनदा शब्द आला, दोन्ही वेळा त्यांनी तो गिळला. दाराशी उभी राहून दीपाली हसत होती.

वाचकहो, गोंगाटातून हृदयाचा ठोका वेगळा काढणारी यंत्रं आज तालुक्याच्या गावापर्यंत आली आहेत. त्यांचं कौतुक करूच. पण तुमच्याआमच्या घरात रोज बोलणारं माणूस त्या यंत्रापर्यंत पोहोचायला हवं ना! घरातली बाई एकच तक्रार पुन्हा पुन्हा करत असेल, तर त्या तक्रारीला कुरकुर म्हणू नका. ती पुन्हा पुन्हा येते, म्हणूनच ती खरी असते. तेव्हा हातातला पेपर खाली ठेवा, तिच्यासमोर बसा, आणि तिला पुन्हा एकदा सांगायला सांगा.