आजाराच्या रकान्यात

"साक्ष म्हणजे काही भाषण नाही हो, बाई," स्टुलावर अवघडून बसलेले पाळकसाहेब म्हणाले. "रविवारी चर्चमध्ये पाच मिनिटं उभं राहायचं. दुःखात प्रभूनं कसं सांभाळलं, एवढंच सांगायचं."

"आणि नसेल सांभाळलं तर?" दातांतली टाचणी न काढता शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

टाचणीमुळे आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असं पाळकसाहेबांनी ठरवलं.

बाईंचे यजमान पूर्वी शाळेची बस चालवत. नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली. भूक तेवढी राहिली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. बाईंचं घड्याळ साधं होतं: दोन पडदे शिवून झाले की एक कूस. देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो, असं चर्चच्या मंडळीतले लोक येऊन सांगत. नऊ वर्षं पेपर चालू होता. निकालाची तारीख मात्र कोणी सांगत नव्हतं.

दर रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची यादी वाचली जाई. तीत 'शिवणवाल्या बाईंचे यजमान, अर्धांगवायू' ही ओळ इतकी मुरली होती, की ती आली की लोक खोकून घेत.

"साक्ष जमणार नाही," बाई म्हणाल्या. "पण यादीत माझं नाव घाला."

"अरे देवा! तुम्हाला काय झालं?" पाळकसाहेबांनी वही काढली. "बीपी? शुगर?"

"कंटाळा."

पेन थांबलं. वहीत दोन रकाने होते, एक नावाचा, एक आजाराचा.

"थकवा लिहू?"

"थकवा झोपल्यावर जातो."

"मग अशक्तपणा? ऐकायला बरं वाटतं."

"चांगली धडधाकट आहे मी. ह्यांना एकटी उचलते. मला ह्यांचा कंटाळा आलाय, पाळकसाहेब. प्रार्थनेचाही आलाय. प्रभूलाही माझा आला असेल, तर मी त्याला दोष देणार नाही."

"अहो, पण कंटाळा घेऊन देवापुढे जायचं म्हणजे..."

"मग कोणापुढे जाऊ? सांगा, तिकडे जाते." आता टाचणी बाहेर आली. "एकदा तरी खरं काय ते तिथं वाचलं जाऊ दे. नाहीतर या रविवारपासून माझी वाट बघू नका."

आतून खाट करकरली. बाई उठल्या. पाळकसाहेबही मागोमाग गेले. अशा वेळी नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही.

"कुठं धरू?"

"गुडघा. ओढू नका, ढकला."

बाहेर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. उभ्याउभ्याच त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि न दाखवता ते निघून गेले.

रविवारी नणंदेला यजमानांपाशी बसवून बाई चर्चला आल्या. यादी सुरू झाली. मोतीबिंदू, कावीळ, मांडीचं हाड. यजमानांची ओळ आली, लोक खोकले. मग पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला.

"शिवणवाल्या बाई. कंटाळा."

खोकला अर्ध्यावर थांबला.

"काय म्हणाले?" पुढच्या बाकावरून निवृत्त हेडमास्तरांनी विचारलं. चर्चला येताना ते कानाचं यंत्र घरी ठेवत. प्रवचनाच्या दृष्टीनं ते सोयीचं पडे.

"कंटाळा म्हणाले," बायको कुजबुजली. हेडमास्तरांशी कुजबुजायचं म्हणजे सगळ्या चर्चला ऐकू जाई.

"कोणाला?"

"शिवणवाल्या बाईंना."

हेडमास्तरांनी काठी हातात घेतली. "मग बसून काय राहिलात सगळे? उठा!" आणि काठी टेकत ते स्वतः उभे राहिले.

आजाऱ्यांसाठीची प्रार्थना बसून करायची रीत होती. पण अर्धं चर्च त्यांच्या हाताखाली शिकलेलं. ते जुन्या सवयीनं उठलं. उरलेलं, अर्धं उठलं म्हणून उठलं.

बाईही उठू लागल्या, तर मागून खांद्यावर कोणाचा तरी हात आला.

"तुम्ही नका उठू, बाई."

बाई पुन्हा बसल्या. चहूबाजूंनी माणसं उभी असल्यानं समोरचं काही दिसत नव्हतं. प्रार्थना बरीच लांबली. मध्ये बाईंना दोनदा जांभई आली. त्यांनी ती लपवली नाही.