सात लाल दोरे

मित्रांनो, मी भिंग. जुनं, कडेला टवका उडालेलं, स्वभावाने जरा तिरसट. पेणच्या मुराद घड्याळजीच्या डोळ्याला मी असायचो. तो कुवेतला गेला आणि जाताना मला बहिणीला देऊन गेला. ती बहीण म्हणजे ह्या हलीमा मॅडम; रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात.

वीस वर्षं त्यांच्यासोबत डोंगर चढलो. सूर्यफुलाच्या कुळातली रानफुलं महाबेरकी! ज्याला तुम्ही एक फूल म्हणता, ती इवल्या इवल्या फुलांची जत्रा असते. ओळखायचं तर फुलाच्या बुडाशी असलेली हिरवी पानं मोजा, बी पिकेपर्यंत थांबा, बीवरचे केस बघा. लोक मात्र कुठलंही पिवळं रानफूल दिसलं की फोन रोखतात, 'सोनकी' म्हणतात आणि मोकळे होतात.

मागच्या भाद्रपदात सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या, टोकाला मॅडमना पिवळ्या फुलांची सात झाडं दिसली. तासभर माझ्यातून बघून त्या म्हणाल्या, "सोनकी नाही ही. कुठल्याच पुस्तकात नाही. बी मिळालं की नाव देता येईल." सातच झाडं, म्हणून डहाळीही तोडली नाही. पुन्हा सापडावीत म्हणून प्रत्येकाला लाल दोरा बांधला.

महिन्याने गेलो तर तिथे सात खड्डे.

पायथ्याच्या वाडीत चंद्रावती झाडपाल्याचं औषध देते. त्या वाडीत औषधाच्या झाडाला आदल्या दिवशी दोरा बांधून आवतन देतात, मग मुळासकट नेतात. मॅडमनी जाऊन विचारलं, तर तिने काही लपवलं नाही.

"व्हय, मीच नेली गो. दोरा बगला, म्हटलं कुनी जानत्यानं आवतन दिलंय. आठ दिस वाट बगली, कोन आला नाय. आवतन दिलेलं झाड तसंच ठेवू नये. उकळून गुडघ्याला लावली. गुण काय आला नाय."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, सातच होती हो!"

"मग सांगायचं नाय? वीस वरसं माज्या दारावरनं जातेस. एक शब्द बोलली असतीस तर राखण केली असती."

मॅडम वीस वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायल्या, पण मला एकदाही तिच्या डोळ्याला लावलं नाही. शिकलेल्या माणसांचा मला तेव्हापासून राग येतो.

यंदा दोघींनी मिळून सडा धुंडाळला. मी चंद्रावतीच्या हातात होतो. सोनकी ढीगभर होती.

मित्रांनो, जे जपायचं ते आधी शेजाऱ्याला दाखवा. आमच्याकडे आता नाव द्यायलाही झाड उरलेलं नाही.