पडायचा तास

ठमीनं हात पुढे टाकले, गुडघे वाकवले आणि धप्पकन गादीवर पडली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी टाळी वाजवली. कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या आईनं पुन्हा तोंड फिरवलं.

तीन आठवडे हेच चाललं होतं. जन्मापासून पाय ताठ असलेल्या सहा वर्षांच्या पोरीला चालायला शिकवायला आणलं, तर ही बाई तिला पाडत बसलीय, असं आईनं घरी नवऱ्याला दहादा ऐकवलं होतं. ताईंचं म्हणणं होतं, घरात आजोबांपासून सगळे ठमीला वरच्यावर झेलतात. पडलं तर काय होतं हे तिला ठाऊकच नाही, म्हणून भीतीनं पाय आणखी ताठतात. आईला ते पटलं होतं, पण बघवत नव्हतं.

आज मात्र सकाळपासून तिला धीर नव्हता. आज ठमी आधाराची दांडी सोडून खिडकीपर्यंत जाणार होती. दहा पावलं, जन्मात पहिल्यांदा. ताईही काही कमी उतावीळ नव्हत्या; सरळ असलेली गादी त्यांनी दोनदा सरळ केली होती.

ठमीनं दांडी सोडली. एक. दोन. जीभ दातांत धरून तीन. आईचे ओठ मोजत होते. चार, पाच. अगं बाई, खरंच चालतेय की कार्टी! सहावं पाऊल पडलं तशी ठमी हसली, आणि नेमकं सातवं वाकडं गेलं.

आपण कधी उठलो ते आईला कळलंच नाही. हात पसरून ती पोरीपाशी पोचलीसुद्धा. ठमी डगमगत त्या हातांकडे बघत होती.

“आई, हात काढ,” ती म्हणाली. “मला पडू दे.”

आईनं हात मागे घेतले. इतकं अवघड काम तिनं आजवर केलं नव्हतं. ठमी पडली, आधी हात, मग गुडघे, अगदी शिकवल्यासारखी. मग तळवे रोवून, ढुंगण वर करून, दोनदा डुलत उभी राहिली. कुणालाही न धरता.

ताई टाळी वाजवायच्या विसरल्या. आईला रडू येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

“किती झाली गं?” ठमीनं विचारलं.

आईला काही केल्या आठवेना.

“मग पहिल्यापासून,” असं वैतागून म्हणत ठमी वळली, आणि एकटीच चालत दांडीपाशी परत गेली.