दुसरा डोळा

चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली धाकटी सून चाळिशी उलटल्यावर तैलचित्रं शिकायला लागली, तेव्हा घरात कुणी नाक मुरडलं नाही. नवरा बोटीवर इंजिनियर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. मन रमवायला तिला काहीतरी हवंच होतं.

तिला नवऱ्याचंच चित्र काढायचं होतं. पण शिकवणाऱ्या बाईंनी जुन्या काळच्या एका थोर चित्रकाराच्या आत्मचित्राची छापील प्रत हातात ठेवली आणि आधी हे हुबेहूब उतरवा म्हणाल्या. टोपीतला म्हातारा, गालांची कातडी सुटलेली. ह्याने स्वतःच्या चेहऱ्याला कधी सूट दिली नाही, ह्याच्याकडून शिका.

मग काय, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी म्हाताऱ्याने ठाण मांडलं. आधी तपकिरी रंगात नुसता उजेड आणि सावली. ती वाळली की वर कातडीचे रंग. सावलीतला गाल हिरवट असतो, हे तिला तेव्हा कळलं. डोळे मात्र काही केल्या जमेनात. पाहुण्याचा मुक्काम फारच लांबला, आता त्याचंही ताट वाढत जाऊ का, असं सासूबाईंनी विचारूनसुद्धा झालं.

शेवटी बाई म्हणाल्या, डोळे काढूच नका, भोवतीची सावली काढा. तसं केलं आणि एका दुपारी म्हातारा तिच्याकडे बघायला लागला. ती ब्रश धरून उभीच राहिली. मग लक्षात आलं. ह्या परक्या माणसाच्या पापणीची घडी न् घडी तिला पाठ होती, आणि नवऱ्याची भुवई कुठे वळते ते आठवेना. फोनवर दिसायचा तो कायम हलणारा, घाईतला.

तो सुट्टीवर आला तेव्हा तिने हट्टच धरला, की माझ्यासमोर बस. पण त्याच्या पायाला भिंगरी. गळका नळ, आईचा डॉक्टर, थोरल्या भावाकडचं जेवण. उद्या-परवा करत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बसला एकदाचा, आणि बसल्या बसल्या झोपला.

तिने उठवलं नाही. कानाजवळ पिकलेले केस, ओठाच्या कोपऱ्यात साचलेली सावली, सगळं पोटभर बघून घेतलं. मध्येच कॅनव्हास धूसर व्हायचा. मग बाहीने डोळे पुसून पुन्हा रंगाला हात घालायचा.

जागा झाल्यावर तो चित्राकडे बघत राहिला.

"डोळे मिटलेलेच काढलेस?"

"उघडे बघायला मिळाले तर काढेन ना."

तो हसणार होता, पण हसला नाही. बॅग नंतर भरतो म्हणाला, खुर्ची उजेडाकडे ओढली आणि तिच्याकडे बघत बसला. इतका वेळ दोघांनी एकमेकांकडे पाहिल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिने चित्रातल्या मिटलेल्या पापण्या फडक्याने पुसल्या. उजेड गेला तोवर एकच डोळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

दुसरा डोळा आता आठवणीतून पूर्ण करता येईल की, बाई म्हणाल्या. येईल, ती म्हणाली. पण आठवून तिला काढायचा नव्हता.