पल्याडची चढती

भिमाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पल्याड नावाच्या खंडातली एकूण एक वाट त्यांना तोंडपाठ होती. हे खंड जगाच्या कुठल्याच नकाशात नाही. ते त्यांनीच रचलं होतं, मुलीला अंथरुणात झोपवून ठेवण्यासाठी.

अंजली तिसरीत असताना तिला कावीळ झाली. दोन महिने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भिमाबाई तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर होत्या. कोळसा वाहून नेणाऱ्या फिरत्या पट्ट्याखाली सांडलेली भुकटी झाडायची आणि पाट्या भरून वाहायच्या. पाळी दुपारची, त्यामुळे सकाळभर त्या पोरीजवळ असायच्या. माहेरी ऐकलेल्या गोष्टी चार दिवसांत संपल्या आणि पाचव्या दिवशी त्यांनी पल्याडला सुरुवात केली.

पल्याडच्या उत्तरेला धुरकूट नावाचे तीन डोंगर. त्यांच्या पोटात राक्षस झोपलेले, त्यांचा श्वास शिखरातून बाहेर पडायचा. त्यांच्या पायथ्याशी राखपठार, जिथे एकदा उमटलेलं पाऊल हजार वर्षं पुसलं जात नसे. म्हणून तिथे चालताना माणसं विचार करून पाय टाकायची. मधोमध नाववेस हे शहर. त्याच्या वेशीवर आलेल्या माणसाने जुनं नाव दगडावर उतरवून ठेवायचं आणि मनाला येईल ते नवं घेऊन आत जायचं. दक्षिणेला गोड पाण्याचा समुद्र. आणि त्या समुद्रातून निघून डोंगर चढत जाणारी नदी, चढती. तिच्या पुढे घागरी घेतलेल्या सात पोरी चालायच्या, आणि वर डोंगरात ती नऊ वस्त्यांना जाऊन भेटायची.

वडील धोंडीराम वीजकेंद्रातच हेल्पर होते. ऑफिसात रद्द झालेली मोठमोठी ड्रॉइंगं ते मागून आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर अंजलीने पल्याड काढायला घेतलं. कावीळ बरी झाली, नकाशा थांबला नाही. दहावी झाली, डिप्लोमा झाला, सरकारी नोकरी लागली, तरी दर सुट्टीला ती आईला विचारायची, "नाववेसच्या पूर्वेला काय गं?" आणि भिमाबाई भाकरी थापता थापता सांगायच्या.

अंजली आज चौतीस वर्षांची आहे, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. दिवसभर लोकांच्या बांधांची मोजणी करायची, दोन भावांमधली हद्द दाखवायची. धोंडीराम सहा वर्षांपूर्वी गेले. माय-लेकी जेल रोडच्या कॉलनीत राहतात. ऑफिसात तिच्या टेबलाच्या काचेखाली पल्याडच्या नकाशाची एक छोटी प्रत असायची.

मागच्या वर्षी प्रतिभा गायधनी नावाच्या बाई स्वतःच्या प्लॉटच्या मोजणीसाठी तिथे आल्या. कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आता छोटंसं प्रकाशन चालवणाऱ्या. अर्ज भरता भरता त्यांचं लक्ष काचेखाली गेलं.

"हे कुठलं?"

"हे... आमच्या घरचं आहे," अंजली ओशाळून म्हणाली.

प्रतिभाताईंनी अर्ज बाजूला ठेवला आणि पर्स उघडून चष्मा काढला. पुढच्या रविवारी त्या जेल रोडला घरी आल्या. फरशीवर नकाशाचे सव्वीस कागद पसरले होते, समासात अंजलीने लिहिलेल्या दंतकथा. गुडघे दुखत असतानाही त्या खाली बसल्या आणि तीन तास उठल्या नाहीत. भिमाबाई त्या दिवशी पुतण्याच्या घरी साखरपुड्याला गेल्या होत्या.

"याचं पुस्तक करायचं," जाताना त्या म्हणाल्या. "नकाशे आणि दंतकथा, दोन्ही. फक्त एक गोष्ट मला खटकते. ही नदी."

अंजलीला ठाऊक होतं.

"राक्षस चालतील. ती कथा झाली. पण तुझे डोंगर, पठारं, वाऱ्यांच्या दिशा सगळं इतकं चोख आहे, की वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. मग मध्येच पाणी डोंगर चढतं आणि तो विश्वास तुटतो. तिला सरळ कर. डोंगरातून समुद्राकडे."

खरं सांगायचं तर अंजलीला सुटल्यासारखं झालं. लेव्हलच्या दुर्बिणीतून उतार मोजणाऱ्या बाईला ती नदी कधीपासून टोचत होती. तिने नवा कागद घेतला. धुरकूटच्या कुशीत झरा काढला, चढतीचं नाव बदलून धावती केलं. डोंगरावर नऊ वस्त्यांकडे जाणारे तिचे फाटे गाळले आणि समुद्राला मिळताना तिचे नऊ फाटे केले. नदीच्या पुढे घागरी घेऊन चाललेल्या सात बारक्या पोरींना आता काही कामच उरलं नव्हतं. त्यांनाही गाळलं. आईला तिने काही सांगितलं नाही. आईला कुठे वाचता येतं, असं तिने मनातल्या मनात म्हटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

छपाईआधीची प्रत घरी आली तेव्हा भिमाबाई मटार सोलत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतला. धुरकूटवर बोट ठेवलं, राखपठार ओलांडलं, नाववेसला थांबून हसल्या. मग बोट समुद्राकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

"अंजे, ही नदी उतरायला लागली."

अंजली मटाराची एक शेंग उचलून सोलायला लागली.

"अन् पोरी कुठं गेल्या?"

"आई, पाणी वर चढत नाही गं. लोक हसतील. पुस्तक आहे, शिकलेली माणसं वाचणार."

भिमाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, मटारची परात पुढे ओढली आणि सोलता सोलता बोलू लागल्या. चांदवडच्या डोंगराकडचं माहेर अंजलीने पाहिलं होतं, पण हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"आमची वस्ती टेकाडावर. विहीर खाली, गावात. आम्ही सात जणी जायचो. विहिरीला हात लावायचा नाय. कडेला घागर ठेवून उभं ऱ्हायचं. कोणाला दया आली का वतायचं. कधी दोन तास, कधी अख्खी सकाळ. मंग ती घागर घेऊन टेकाड चढायचं. मी तवा तुझ्यायेवढी, तू आजारी व्हतीस तेवढी. चढताना मला वाटायचं, हे पाणी खाली वाहातं ते आम्हाला टाळायला. मागं वळून पाह्यचे. वाटायचं, येईल मागं. यावं त्यानं. त्याला काय कोणी सांगितलंय, ह्यांच्या मागं जायचं नाय म्हणून?"

परातीत दाणे पडत होते.

"खरं पाणी नाय आलं. मंग मी तुला सांगताना आणलं. सात जणींच्या मागं मागं नदी चढली आन् नऊ वस्त्यांना भेटली. राक्षस माझे नाय बाई, ते कारखान्याच्या धुराच्या चिमण्या बघून सुचले. नदी माझी हाय."

अंजलीने तो कागद उलगडला. सव्वीस वर्षं तिला वाटत होतं की ती आईची चूक सांभाळून घेते आहे. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. तिने फोन उचलला.

"ताई, नदी परत चढणार. तिला पूर्वीसारखी छापायची असेल तरच पुस्तक करा. आणि दंतकथा आईच्या आहेत, तर तिचं नाव आधी, माझं नंतर."

"का चढते, ते पुस्तकात आहे का?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"नाही. आजच कळलं."

"मग ते लिहून पाठव. आई बोलल्या तसंच. एक शब्द सुधारू नकोस."

पुस्तकाचं प्रकाशन गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात झालं. शंभर खुर्च्या होत्या, माणसं जास्त आली. पट्ट्याखाली बरोबर काम केलेल्या सात-आठ बायका एकलहऱ्याहून आल्या होत्या, सगळ्यांत पुढे कुसाबाई, डोक्यात अबोलीचा गजरा. भिमाबाईंनी पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठाची. व्यासपीठावरच्या खुर्चीत त्या अगदी ताठ बसल्या, जणू रोज तिथेच बसतात.

भाषणं झाली, प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, अशी त्यांनी स्वतःची ओळख दिली. आवाजात कुचेष्टा नव्हती, प्रामाणिक अडचण होती.

"पुस्तक सुंदर आहे. पण आयुष्यभर पाण्याचं काम केलं म्हणून विचारतो. पाणी चढावर जातंच कसं?"

अंजलीने माईककडे हात केला. भिमाबाईंनी तो आधीच घेतला होता.

"साहेब, तुम्ही पाण्याचं काम केलं, मी विजेच्या कारखान्यात झाडू मारला. नदीचं पाणी उचलून वर कारखान्यात आणतात, माझ्या डोळ्यासमोर यायचं. तुमच्या बिल्डिंगीत कितव्या मजल्यावर चढतं?"

"पाचव्या," ते म्हणाले.

"मंग चढतं की. ज्याच्याकडं मोटार, त्याच्याकडं चढतं. आमच्या वस्तीला मोटार नव्हती, म्हणून नदीला पायी यावं लागलं."

मग कुसाबाईने पहिली टाळी वाजवली आणि सभागृह उठून उभं राहिलं. इंजिनिअरसाहेब बसले नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले, आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तीस वर्षं आम्ही पाणी कुठे न्यायचं ते ठरवत होतो. तुमची वस्ती आमच्या कागदावर होती की नाही, ते मला आठवतही नाही."

"आता तुमच्या घरात ऱ्हाईल," भिमाबाई म्हणाल्या. "पुस्तक घेऊन जा."

अंजली शेजारी बसून आईकडे पाहत होती. मोजणीला गेल्यावर लोक तिला मॅडम म्हणायचे, खुर्ची द्यायचे, त्याचा तिला अभिमान होता. आज पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्याला कागदावर रेघ मारायची हिंमत कोणाकडून आली ते इतक्या माणसांनी पाहिलं.

परतताना संध्याकाळचा उजेड होता. प्रतिभाताई गाडीने सोडते म्हणाल्या, भिमाबाईंनी मानलं नाही. सिटी बसने जायचं. अंजली पुस्तक पिशवीत घालायला लागली, तर त्यांनी हिसकून घेतलं.

"पिशवीत नको. लोकांना दिसू दे."

मुखपृष्ठ बाहेर करून त्यांनी ते छातीशी धरलं. द्वारका चौक मागे पडला. गर्दी थोडी सरली आणि तिकीट देता देता कंडक्टरचं लक्ष गेलं.

"आजी, कुठला नकाशा हा?"

"बस इथं," भिमाबाई सरकून जागा करत म्हणाल्या. "सांगते."

कंडक्टर हसला, पण उभ्या उभ्या वाकला. उपनगरचा थांबा येईपर्यंत तो नाववेसच्या वेशीपाशी पोहोचला होता, आणि मागच्या सीटवरच्या दोघी कॉलेजच्या मुलीही मान पुढे काढून ऐकत होत्या.