अडून बसलेला सूर

"हलू नकोस. आणि रडू तर अजिबात नकोस, फडकं भिजतं," असं म्हणत डोरोता सुईणीने अपोलेनाच्या हनुवटीखालून घेतलेली पट्टी डोक्यावर करकचून बांधली. आत कुठेतरी हाड हाडावर घासले. अपोलेनाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तोंड आता उघडणारच नव्हते, त्यामुळे ओरडण्याचा प्रश्न मिटला.

दारात तिचा नवरा हिनेक टोपी हातात घेऊन उभा होता.

"गोठ्यात पाय घसरला तिचा. गव्हाणीवर आपटली," तो म्हणाला.

"गव्हाणीला मूठ कधीपासून फुटली रे?" डोरोताने वर न बघता विचारले.

हिनेक चुलीकडे गेला. त्याने दूध कोमट केले, त्यात मध घातला आणि बायकोसमोर गुडघ्यांवर बसून चमच्याने दातांच्या फटीतून तिला पाजू लागला. "घे लेना, थोडंसंच घे. माझी गुणाची ती."

डोरोताने पिशवी उचलली. उंबऱ्यात थांबून ती अपोलेनाला म्हणाली, "बीचच्या झाडांना पानं फुटेपर्यंत पातळच खायचं. आणि गाणं विसर बाई. हा जबडा काही सरळ बसायचा नाही."

तेव्हा मात्र फडके भिजले.

तो पवित्र गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, बुकोवा गावाच्या देवळात झेडनिक गुरुजींनी रचलेले दयागान, देवाजवळ दया मागणारे गाणे, व्हायचे होते. हे प्रोकोप झेडनिक कधीकाळी बुकोवाच्या शाळेत मास्तर होते. पोरांना अक्षरे शिकवायची, मेलेल्यांसाठी घंटा वाजवायची आणि उरल्या वेळात देवासाठी गाणी लिहायची, असा त्यांचा जन्म गेला. प्रागमध्ये त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. शेजारच्या गावातही नव्हते. पण बुकोवात शुभ शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, घंटा मुक्या आणि ऑर्गन बंद असताना, नुसत्या माणसांच्या गळ्यांतून ते गाणे उठायचे, आणि दगडी भिंतींना घाम फुटल्यासारखे वाटायचे.

त्यातली बायकांच्या खालच्या आवाजाची एकल ओळ गेली कित्येक वर्षे अपोलेनाची होती. अवघड जागा होती ती. बाकीचे सगळे आवाज रडत रडत खाली घसरत येतात, आणि हा एकच सूर जागचा हलत नाही. बाकीच्यांशी घासतो, कानाला टोचतो, तरी हलत नाही. गाणारे हसून त्याला 'गुरुजींची चूक' म्हणत. अपोलेनाला त्याविषयी मत नव्हते. श्वास पुरवायचा आणि खाली यायचे नाही, एवढेच तिला माहीत होते.

हिनेक एरवी देवळाची पायरी चढत नसे. थंडीत घरोघरी जाऊन डुकरे कापायची, हे त्याचे काम. पण शुभ शुक्रवारी तो गायकांच्या सज्ज्याखाली शेवटच्या बाकावर येऊन बसायचा आणि उघडपणे, लहान पोरासारखा रडायचा. सगळे गाव ते बघायचे. मोठ्या लढाईवरून आल्यापासून तो बायकोला मारतो, हेही गावाला ठाऊक होते. पण अश्रू डोळ्यांना दिसत होते, आणि मार बंद दाराआड होता. एकदा बरगडी मोडल्यावर अपोलेना फादरकडे गेली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, देवाच्या गाण्यानं ज्याचं काळीज असं पाझरतं, तो वाईट कसा असेल? धीर धर."

तिने धीर धरला होता.

संध्याकाळी गायकांचे प्रमुख क्रोपाचेक मास्तर आले. पट्टी बघून ते मटकन खाली बसले.

"आता तुझी ओळ कोण गाईल? मेलो मी!"

"मी गाते," चुलीपाशी बसलेली टेक्ला म्हणाली. ती अपोलेना आणि हिनेकची एकुलती एक मुलगी. लग्नाच्या वयाची, आईसारखीच रुंद खांद्यांची. "कपडे धुताना आई तेच तर गाते. दुसरं येतंय काय तिला?"

तिने तिथेच गाऊन दाखवले. मास्तरांनी डोळे मिटले. हिनेकने टेबलावर थाप मारली. "माझी पोर आहे! हिनेकची पोर!"

दुसऱ्या दिवशी अपोलेना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खाली, बायकांच्या बाजूला बसली. डोक्यावरून शाल घेतली होती, तरी पट्टी दिसत होती. शेजारणींनी बघितले आणि नजरा समोरच्या क्रुसाकडे वळवल्या.

गाणे सुरू झाले. वर उभे राहून तिला कधी ते ऐकूच आले नव्हते. वर कानांत फक्त स्वतःचा आवाज आणि मास्तरांचा हात असायचा. आता ते छतापासून खाली अंगावर येत होते. लॅटिन तिला कळत नसे. कुणीतरी राजा एका माणसाचे रक्त सांडून आलाय आणि देवाजवळ दया मागतोय, एवढे फादरनी कधीतरी सांगितले होते. मग ती ऐकत राहिली. किती गोड मागत होता तो! पुरुषांचे आवाज लोळण घेत होते, बायकांचे उंच आवाज त्यांच्यासाठी गळा काढत होते. धुऊन टाक, पुसून टाक, विसरून जा. आणि हे सगळे देवाजवळ. ज्याचे रक्त सांडले, त्याला कुणी काही विचारत नव्हते.

पलीकडे, मागे, हिनेकचे हुंदके सुरू झाले.

आणि तेवढ्यात टेक्लाचा सूर लागला. सगळे आवाज रडत खाली उतरले, आणि तो एकटा वर राहिला. खरखरीत, हट्टी. कुणीतरी दारात हाताची घडी घालून उभे राहावे आणि वाट देऊ नये, तसा. अपोलेनाच्या अंगावर काटा आला. ही चूक नव्हती. झेडनिक गुरुजींनी राजाने मारलेल्या त्या माणसाला तिथे उभे करून ठेवले होते. आणि तो माफ करत नव्हता. इतकी वर्षे ती स्वतःच्या तोंडाने हे गात होती, आणि तिला पत्ताच नव्हता.

बाहेर लोकांनी हिनेकला गराडा घातला. "काय पोर आहे रे तुझी!" "खाटकाच्या घरात कोकिळा!" हिनेक डोळे पुसत सगळ्यांचे हात दाबत होता. रस्ताभर तो टेक्लाच्या खांद्यावर हात टाकून चालला.

घरी उपासाचे जिऱ्याचे सूप आणि काळा पाव टेबलावर आला. हिनेकने चमचा खाली ठेवला.

"परत गा. ती मधली ओळ."

"बाबा, घसा बसलाय माझा."

"गा म्हणतो ना."

"ती ओळ तुमच्यासाठी नाही."

टेक्ला हे आईच्या पट्टीकडे बघत म्हणाली. हिनेक उठला. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचे डोके टेबलावर आपटले. सूप उडाले. "सगळ्या गावापुढं गायलीस, आणि बापापुढं नाही? गा!" तो खरोखरच रडत होता. गालांवरून पाणी ओघळत होते आणि तो मारत होता. टेक्लाच्या नाकातून रक्त आले, भुवई फाटली. "गा! गा की!"

अपोलेनाला किंचाळता येत नव्हते. तिच्या घशातून गुरासारखा एक आवाज निघाला, तो कुणी ऐकला नाही. दाराआड हिनेकची कुऱ्हाड होती. डुकराला आधी तो तिच्या बोथट बाजूने कपाळावर मारून पाडायचा. अपोलेनाने ती दोन्ही हातांत धरली, बोथट बाजू पुढे केली आणि नवऱ्याच्या वर उठलेल्या हातावर घातली. कोपर फुटल्याचा आवाज झाला. तो वळला. दुसरा घाव तिने गुडघ्यावर घातला. हिनेक आधी पुढे वाकला, मग सूप सांडलेल्या फरशीवर आडवा झाला.

"लेना," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नुसते आश्चर्य होते. "अगं, मी आहे. मी."

तिने तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. टेक्लाने तिच्या कमरेला मिठी मारली. "आई, पुरे! मरेल तो!" अपोलेना तशीच उभी राहिली, नवऱ्याच्या कपाळाकडे बघत. मग तिने कुऱ्हाड हळूच, आवाज न करता टेबलावर ठेवली.

तिने तुरुंगात पुढचा हिवाळा काढला. हिनेक बहिणीच्या गावी राहायला गेला. हात कायमचा निकामी झाला, पाय लंगडा. गाव हळहळले. "किती हळवा माणूस," लोक म्हणाले. "आणि ती बघा, तोंडातून शब्द नाही काढला, नुसती कुऱ्हाड चालवली." तोंड बांधलेले होते, हे कुणाला आठवले नाही.

ती सुटून आली तेव्हा फादर घरी आले.

"पश्चात्ताप होतोय ना तुला? तसं म्हण, म्हणजे पापक्षमा देता येईल. ईस्टर आलाय."

अपोलेनाचा जबडा तिरपा जुळला होता. शब्द एका बाजूने, फुसकारल्यासारखे निघत. "पोरीला मारत होता, फादर."

"पण त्याच्या मनात देव होता गं. मी त्याचे अश्रू पाहिलेत."

"मीपण पाहिलेत. जवळून," ती म्हणाली. "डुकराला मारायच्या आधी तो त्याच्या कानामागं खाजवायचा. गोड गोड बोलायचा. डुक्कर मेलंच ना?"

फादर उठले. "मग तुला प्रसाद घेता यायचा नाही."

"गाणं ऐकता तर येईल?"

त्यावर त्यांना नाही म्हणता आले नाही.

शुभ शुक्रवारी ती देवळात गेली तेव्हा टेक्ला वर सज्ज्यात पोचली होती. भुवईवरचा पांढरा व्रण खालूनही दिसत होता. अपोलेना बायकांच्या एका बाकाच्या कडेला बसली. तिच्या शेजारची बाई उठून मागे गेली. मग तिच्या पलीकडची. एकामागून एक स्कर्ट सळसळले आणि पाहता पाहता सबंध बाक मोकळा झाला. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या, ही आता तोंड लपवून बाहेर जाते की काय म्हणून.

वर क्रोपाचेक मास्तरांनी हात उचलला.

अपोलेनाने डोक्यावरची शाल खाली घेतली, तिची नीट घडी केली, आणि ती सरकत सरकत रिकाम्या बाकाच्या मधोमध जाऊन बसली.